लाल शाईचे मार्क

मला संशयाची सवय आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. छत्तीस वर्षं बोटीवर इंजिन रूममध्ये मोटरमन म्हणून काढली. तिथे भाबड्या माणसाचा हात भाजतो. दर चार तासांनी गेज बघायचे, तापमान किती, दाब किती, ते लॉगबुकात लिहायचं. कुणी सलग तीन वेळा तोच आकडा लिहिला की मी समजून जायचो, हा बाबा खाली उतरलेलाच नाही, वर चहा पीत आकडे मारतोय. अशी कितीतरी माणसं मी पकडली. आडनाव शिवलकर, पण बोटीवर मला सगळे सीआयडी म्हणायचे.

गेल्या जूनमध्ये कायमचा घरी आलो. घर रत्नागिरीत, मांडवीला, जेटीपासून पाच मिनिटांवर. मुलगी शमिका लग्न होऊन डोंबिवलीला गेली, त्यामुळे घरात मी आणि माझी बायको यमुना, दोघंच. यमुना वाचणारी आहे हे मला लग्नापासून माहीत होतं. रजेवर यायचो तेव्हा तिच्या उशाशी वाचनालयाचं पुस्तक दिसायचं. मी आलो की ते कपाटात जायचं आणि मी बोटीवर गेलो की परत बाहेर येत असणार. मी कधी चौकशी केली नाही. बारा तास इंजिनाशेजारी उभा राहिलेला माणूस केबिनमध्ये येऊन कादंबरी उघडत नाही. तो बूट काढतो आणि झोपतो.

नोव्हेंबरात एका सकाळी यमुना बाजारात गेली होती आणि मी गॅसचं पुस्तक शोधत होतो. ते सापडलं नाही, पण कपाटाच्या खालच्या खणात साड्यांच्या मागे तीन वह्या सापडल्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या. साड्यांच्या मागे ठेवलेली वस्तू बघू नये एवढा मी सभ्य नाही. उघडली.

आत पुस्तकांची यादी होती. तारीख, पुस्तकाचं नाव, दहापैकी मार्क आणि पुढे एकदोन ओळींत मत. पहिली नोंद सव्वीस वर्षांपूर्वीची. अक्षर सगळं यमुनाचं. इथवर ठीक होतं. पण प्रत्येक पुस्तकाला मार्क दोन होते, एक निळ्या शाईत आणि एक लाल. मतंही दोन. आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती.

‘चौथ्या मजल्यावरचा ओला टॉवेल’ नावाची एक रहस्यकथा होती. निळ्या शाईत सहा मार्क आणि मत असं, ‘खुनी कोण ते चाळिसाव्या पानावर कळलं. पुढची दीडशे पानं इन्स्पेक्टरला कधी कळतंय त्याची वाट बघितली.’ लाल शाईत आठ. ‘तरी मजा आली. एका बैठकीत संपवलं.’ खाली ‘सोप्या शंभर आमट्या’. निळे दोन, ‘बाईने आमसूल जन्मात बघितलेलं नाही, जिकडेतिकडे टोमॅटो’. लाल पाच, ‘भूक लागली’. ‘गडाखालचा घोडेस्वार’, तीन भागांची ऐतिहासिक कादंबरी. निळे तीन, ‘घोडे दमले, मी दमले, लेखक काही दमत नाही’. लाल नऊ, ‘लढाया उत्तम, बायकांची पानं सोडून वाचावं’. कवितांचं एक पुस्तक होतं, ‘उंबऱ्यातली वाळू’. त्याला निळे साडेसात. लाल शून्य आणि समोर फक्त एक शब्द, ‘नको’.

मी तिथेच फरशीवर बसलो. अक्षर एकच असलं तरी ही दोन माणसं होती, त्यात शंका नव्हती. माणूस स्वतःशी इतका भांडत नाही. म्हणजे यमुना पुस्तक वाचायची, कुणीतरी तेच पुस्तक वाचायचा, दोघं भेटायचे, तो आपलं मत सांगायचा आणि ही घरी येऊन त्याचं मत लाल शाईने जपून ठेवायची. बायकांची पानं सोडून वाचावं म्हणणारा पुरुषच असणार. सव्वीस वर्षं. माझ्याशी पुस्तकांबद्दल ती सव्वीस वाक्यं बोलली नव्हती.

मग मी तिसऱ्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. लाल शाईची शेवटची नोंद आठ जूनची होती. मी अकरा जूनला घरी आलो. त्यानंतर निळे मार्क नेमाने चालू होते, पण लालच्या जागी काही नव्हतं. रकाना आखलेला, आत कोरा. पानामागून पान तसंच. नवरा घरी आला आणि लाल माणूस गप्प झाला. याहून स्वच्छ पुरावा मी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

वह्या होत्या तशा ठेवल्या, साड्या वर नीट रचल्या. यमुना बाजारातून आली, पिशवीत मासे होते, सौंदाळे. तिने विचारलं, गॅसचं पुस्तक मिळालं का. मी नाही म्हटलं. ते फ्रिजवर होतं.

तिला तोंडावर विचारावं असं एखाद्याला वाटेल. पण गळती कुठे आहे ते कळायच्या आत आरडाओरडा करणारा माणूस इंजिन रूममध्ये कामाचा नसतो. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली, तर साठाव्या वर्षी मी कुठे जाणार होतो? बोट तर आता मला घेणार नव्हती. मला हे घर हवं होतं आणि घरात ती हवी होती.

मी ठरवलं की आधी त्या दोघांची पुस्तकं वाचायची. काहीतरी खूण सापडेल, कुणीतरी समासात काहीतरी लिहिलं असेल. यमुनाला म्हटलं, मी रोज सकाळी पेपर वाचायला वाचनालयात जातोच, तुझं कार्ड दे, मीही एखादं पुस्तक आणीन. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पर्समधून कार्ड काढून दिलं, सभासद क्रमांक सहाशे चाळीस. तिचे कान लाल झाले होते. मी मनात त्याची नोंद केली.

वाचनालयात मृणाली नावाच्या बाई पुस्तकं देतात, चाळिशीच्या, चष्म्याच्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. मी ‘ओला टॉवेल’ मागितला. त्यांनी काढून दिला, शिक्का मारला. घरी येऊन आधी शेवटचं पान उघडलं. तिथे चिकटवलेल्या कागदावर पुस्तक कुणी कधी नेलं त्या तारखा आणि सभासदांचे नंबर असतात. मला तर ते लॉगबुकच वाटलं. खाली मी आत्ता आणल्याची तारीख, सहाशे चाळीस. वर तीन वर्षांपूर्वीची एक तारीख आणि तिच्यापुढे दोनशे बारा. ती तारीख मला पाठ होती. त्याच आठवड्यात वहीत या पुस्तकाचे मार्क होते, निळे आणि लाल दोन्ही. यमुनाचा नंबर तिथे नव्हता, म्हणजे ती त्याने नेलेलंच पुस्तक वाचायची.

दुसरं पुस्तक आणलं, दोनशे बारा. घोडेस्वाराचे तिन्ही भाग दोनशे बाराने नेलेले. आमट्यांच्या पुस्तकावरसुद्धा दोनशे बारा. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिचं कार्ड माझ्याकडे आल्यापासून दोनशे बाराच्या ताज्या तारखा मिळायला लागल्या. मी नवीन पुस्तकांच्या कपाटातलं काही उचलावं, तर पाच दिवसांपूर्वी दोनशे बारा नेऊन परत करून गेलेला. म्हणजे गडी गावातच होता आणि जोरात वाचत होता.

मृणालीबाईंना विचारलं असतं तर दोन मिनिटांत नाव कळलं असतं. पण बायकोची पुस्तकं आणखी कोण नेतो हे नवऱ्याने विचारलं, की संध्याकाळच्या आत मांडवीभर झालं असतं. मी विचारलं नाही. वाचत राहिलो.

वाचणं सोपं नव्हतं. पहिली दोन पुस्तकं मी नुसती खुणा शोधत चाळली. पण यमुनाला बोलतं करायचं तर आत काय आहे ते माहीत हवं, म्हणून तिसऱ्यापासून सगळी पानं वाचायला लागलो. ‘इंजेक्शनाआधीचं एक मिनिट’ हे भूल देणाऱ्या डॉक्टरचं आत्मचरित्र वाचून झाल्यावर तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या डॉक्टरने बायकोला न सांगता नोकरी सोडली, ते तुला पटलं का. नजर तिच्या तोंडावर, गेजवर ठेवतात तशी. ती वाटण वाटत होती. मिक्सर बंद करून ती अर्धा तास बोलली. त्या डॉक्टरच्या बायकोची बाजू तिने अशी मांडली की जणू ती बाई शेजारी राहते. बोलताना हात हलवत होती, मधेच हसत होती. अशी मी तिला बघितली नव्हती. हे सगळं ती इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाला देत होती, असं मनात आलं आणि मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर ती बदललीच. गुणगुणायला लागली. माझ्या हातातलं पुस्तक कितव्या पानावर आहे ते येता-जाता बघायची. ‘झालं का वाचून?’ हे दिवसातून दोनदा. मी मनात म्हटलं, बाईला पुस्तक पुढे पोचवायची घाई झालेली दिसते.

यमुना बाजारात गेली की मी वह्या परत काढून बघायचो. खूण मिळाली ती ‘युरोप अकरा दिवसांत’मध्ये. निळे चार, ‘हॉटेलातल्या नाश्त्यावर चाळीस पानं’. लाल एक, आणि मत, ‘हा इसम बंदराला पाय लावून आलेला नाही. रॉटरडॅमला एवढी शांतता नसते.’ मी खुर्चीत ताठ बसलो. पुस्तकातलं ते पान काढून वाचलं. बरोबर होतं, त्या लेखकाने रॉटरडॅमचं बंदर गावच्या तळ्यासारखं शांत दाखवलं होतं. पण हे पकडायला माणूस तिथे जाऊन आलेला हवा. म्हणजे लाल माणूस बोटीवरचा होता.

आता मांडवीला बोटीवरची माणसं पुष्कळ, पण वाचणारा एकच, हर्षद भाटकर. दोन गल्ल्या सोडून राहतो, बोटीवर रेडिओ ऑफिसर होता, म्हणजे आमच्यासारखा इंजिनाच्या ग्रीसमध्ये लोळलेला नव्हे, कानाला हेडफोन लावून बसणारा. बारा वर्षांपूर्वी नोकरी सोडून आला, चार वर्षांपूर्वी बायको वारली. कडक इस्त्रीचा शर्ट घालून रोज संध्याकाळी जेटीवर फिरतो. यमुनाला ‘काय वहिनी’ म्हणतो. तारखा तंतोतंत जुळत नव्हत्या, वहीतली पहिली चौदा वर्षं माझ्यासारखा तोही बोटीवर होता. पण रजा जुळल्या असतील. संशयाला एकदा माणूस मिळाला की बाकीचं मी आपोआप बसवत गेलो.

तीन महिन्यांत चौदा पुस्तकं झाली. चौदाव्या पुस्तकानंतर मला राहवेना. एका संध्याकाळी मी हर्षदच्या घरी गेलो. त्याने चहा ठेवला. मी इकडेतिकडे बघत होतो, पण घरात एक पुस्तक दिसेना. शेवटी मी विचारलं, वाचनालयातला तुझा नंबर काय.

“माझा कसला नंबर?” तो म्हणाला. “मी सभासदच नाय. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पेपरचे मथळे वाचतो तेवढंच. मोबाईलवर कुणीतरी गोष्टी वाचतात, त्या ऐकतो.” मग म्हणाला, “का रे आत्माराम? काय झालं?”

काही नाही म्हटलं. चहा न पिता उठलो. तो दारापर्यंत आला आणि माझ्या पाठीकडे बघत उभा राहिला. त्याने किती ओळखलं ते मला माहीत नाही.

तसाच वाचनालयात गेलो. बंद व्हायला पंधरा मिनिटं होती. आता मांडवीभर झालं तर होऊ दे, असं ठरवूनच मृणालीबाईंसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, दोनशे बारा नंबरचा सभासद कोण, मला बघायचंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मागच्या कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं. क्रमांक दोनशे बारा, आत्माराम गोविंद शिवलकर, राहणार मांडवी, व्यवसाय नाही. खाली माझी सही. पंचवीस वर्षांचा नसेन मी तेव्हा.

पहिल्या बोटीची वाट बघत आठ महिने घरी बसलो होतो, तेव्हा नोकरीच्या जाहिराती बघायला मिळाव्यात म्हणून मी सभासद झालो होतो. पुस्तक एकही नेलं नव्हतं. बोट मिळाली आणि मी ते कार्ड विसरून गेलो.

“काकू दोन्ही कार्डांवर नेतात की पुस्तकं,” मृणालीबाई म्हणाल्या. “एका कार्डावर एकच मिळतं ना. तुमचं त्यांनी कधी बंद पडू दिलं नाही. हल्ली त्यांचं तुमच्याकडे असतं, म्हणून त्या तुमचं वापरतात.”

मी बाहेर आलो आणि जेटीच्या दिशेने चालत सुटलो. आधी हसू आलं. तीन महिने मी माझाच पाठलाग करत होतो. हलकं वाटलं, इतकं की वाटेत भेटलेल्या एका माणसाला मी उगाचच नमस्कार केला. पण जेटीवर पोचेपर्यंत हसू मावळलं. दोनशे बारा मी, हे ठीक. मग लाल मतं कुणाची? मी तर ती पुस्तकं वाचली नव्हती. आणि मी घरी आल्यावर ती थांबली का? पुरावा होता तिथेच होता, फक्त त्याला आता माणूस उरला नव्हता.

घरी आलो तर यमुना बाहेरच्या खोलीत बसली होती. समोर टेबलावर तिन्ही वह्या, तिसरी उघडी. शेजारी लाल पेन.

“बसा जरा,” ती म्हणाली. “तुम्हाला एक दाखवायचंय. हसणार नाय ना?”

आणि तिने स्वतःहून सगळं सांगितलं. शमिका तीन वर्षांची होती, मी एका टँकरवर अकरा महिने होतो. घरात बोलायला कुणी नाही. एक कादंबरी वाचून तिला इतकं काही वाटलं, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप येईना. तेव्हा तिने वही काढली. आपले मार्क लिहिले आणि मग मनात आलं, हे असते तर किती दिले असते. म्हणून माझ्याही वाट्याचे लिहिले. कपाटात माझं जुनं कार्ड सापडलं, त्यावर माझ्यासाठी म्हणून वेगळं पुस्तक आणायला लागली. दोन्ही स्वतःच वाचायची आणि दोन्हींना दोघांचे मार्क द्यायची. मी किती देईन ते तिला कुठे कळत होतं? ती ठरवायची. लढाया मला आवडत असतील. कविता नको म्हणेन. मी सुट्टीत काहीबाही बोलायचो, रॉटरडॅमच्या धक्क्यावरच्या आवाजाने झोप लागत नाही वगैरे, ते ती लक्षात ठेवायची आणि मतात घालायची. हळूहळू तो माणूस पक्का होत गेला. नंतर नंतर तिला ठरवावं लागेना, त्याचं मत आपोआप यायचं.

“कधी कधी भांडायची मी त्याच्याशी,” ती म्हणाली. “भाजी चिरताना. घोडेस्वाराला नऊ दिले म्हणून दोन दिवस बोलले नव्हते.”

मी विचारलं, मग जूनमध्ये थांबवलंस का.

“तुम्ही आलात ना. पहिल्याच आठवड्यात एक पुस्तक पुढे केलं, तुम्ही म्हणालात, ठेव तिकडे. मग वाटलं, जिवंत माणूस समोर बसलेला असताना त्याच्या नावाने खोटे आकडे कसे लिहायचे? म्हणून नुसते रकाने आखत राहिले.” ती वहीच्या पानावरून हात फिरवत होती. “नोव्हेंबरात तुम्ही वह्या बघितल्यात, ते मला त्याच दिवशी कळलं. पहिली वही वर होती, तुम्ही खाली ठेवलीत. मी काही बोलले नाय. दुसऱ्या दिवशी तुम्ही कार्ड मागितलंत. आणि माझ्याच वहीतली पुस्तकं आणायला लागलात, एकामागून एक. माझ्याशी बोलायला लागलात. मी शमिकालासुद्धा सांगितलं नाय, दृष्ट लागेल म्हणून. आता चौदा झालीत तुमची. हे घ्या. आता तुमचे तुम्हीच द्या.”

तिने लाल पेन माझ्यापुढे धरलं.

घेता आलं असतं. हर्षद बोलला नसता, मृणालीबाई बोलल्या नसत्या. यमुनाचा चेहरा असा उजळला होता की ते पेन घेणं हीच माणुसकी ठरली असती. पण गेज न बघता आकडा लिहिणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. मला हात पुढे करता आला नाही.

मी तिला खरं काय ते सांगितलं. लाल माणूस कोण वाटला होता ते, दोनशे बाराचा माग, हर्षदकडचा चहा, सगळं. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही, समोरच्या कॅलेंडरकडे बघत बोललो. माझं बोलून झालं तेव्हा पेन टेबलावर ठेवलेलं होतं आणि तिने त्याला टोपण लावलं होतं.

“हर्षदभावजींकडे गेलात?” तिने विचारलं.

मी म्हटलं, नंबर विचारला फक्त.

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही. ती नुसती ओट्याशी उभी असावी. मला आत जायचं धाडस झालं नाही. माझी मलाच किळस आली होती. ती रडली असती, बोलली असती, तर मी काहीतरी केलं असतं. मग ती दारात आली.

“चौदांतलं एक तरी आवडलं का?” तिने विचारलं. “का नुसते पुरावेच शोधलेत?”

आवडलं होतं. शेवटचंच, चौदावं, ‘पाण्याखालच्या पायऱ्या’. वहीत त्याला निळे नऊ होते आणि लाल चार, ‘एवढं रडण्यासारखं काय आहे त्यात’. ती गोष्ट एका म्हाताऱ्याची आहे. धरणात त्याचं गाव गेलंय, आणि तो रोज होडी वल्हवत जिथे खाली त्याचं घर आहे तिथे येतो, होडी थांबवतो, डबा उघडून जेवतो आणि परत जातो. बस, एवढंच. नव्या वस्तीतले लोक त्याला वेडा म्हणतात. मी यमुनाला सांगितलं की ते जेवणाचं पान मी तीनदा वाचलं. बोटीवर दुपारी साडेबाराला मेसमध्ये बसायचो तेव्हा मी घड्याळात भारतातली वेळ लावून बघायचो, की आत्ता घरी काय चाललंय, ती काय जेवत असेल. नऊ-नऊ महिने असाच जेवलो. कुणाला बोललो नाही, कारण बोटीवर असं बोलत नाहीत, आणि घरी आल्यावर बोलायचं राहून जायचं. तो म्हातारा वेडा नव्हता. मला त्या पानाशी रडू आलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी गच्चीवर गेलो होतो. हे सगळं मी एका दमात सांगितलं. इतकं सलग मी तिच्याशी कधी बोललो नसेन.

ती दारातून येऊन खुर्चीवर बसली.

“त्याने चार दिले होते त्याला,” ती हळूच म्हणाली.

“त्याला काय कळतंय,” मी म्हटलं. “तो कधी बोटीवर गेलाच नाय.”

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. वही तिने ओढून घेतली आणि ते चार मार्क बघत बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते माझ्यासाठी नव्हते हे मला कळत होतं.

“मला तो आवडायचा हो,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षं घरात होता.”

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिलो. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करून निघून गेलं. मग, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं की त्या म्हाताऱ्याच्या डब्यात काय होतं ते लक्षात आहे का.

मी सांगितलं, तांदळाची भाकरी आणि सुकट.